संस्था नोंदणीचे पॅकेज: कागद चोख, मसुदा उसना

मुलुंड पूर्वेला आमच्या गल्लीतल्या सहा सोसायट्या २०१९पासून ओल्या कचऱ्याचे खत एकत्रितपणे करत आल्या आहेत. २०२२च्या सुरुवातीला या कामासाठी नोंदणीकृत संस्था काढायचे ठरले आणि त्याकरिता दादर पश्चिमेच्या एका सल्लागार कार्यालयाची ‘संस्था नोंदणी पॅकेज’ या नावाने मिळणारी सेवा आम्ही घेतली. पहिल्यांदा संपूर्ण नोंदणीसाठी आणि दुसऱ्यांदा, २०२४मध्ये, कार्यकारी मंडळातील बदलाची नोंद करण्यासाठी, असा त्या कार्यालयाशी आमचा दोनदा संबंध आला. त्यामुळे एका भेटीवर बनवलेले हे मत नाही. कार्यालयाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण तक्रारीचा भाग बराच आहे. शिवाय ठाणे, भांडुप आणि बोरिवलीतल्या आमच्यासारख्या गटांशी नंतर बोलणे झाले, तेव्हा अशा कार्यालयांची रीत थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखीच असल्याचे दिसले.

खत करायला संस्था कशाला, हा प्रश्न आम्हालाही पडला होता. पूर्व द्रुतगती महामार्गालगतचे मुलुंडचे डम्पिंग ग्राउंड २०१८मध्ये बंद होईपर्यंत इथल्या माणसांनी संध्याकाळच्या वाऱ्याबरोबर त्याचा वास घरात घेतलेला आहे, त्यामुळे कचरा जिथल्या तिथे जिरवावा हे मुलुंडकराला पटवून द्यावे लागत नाही. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६च्या नियमांनीही ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांना ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवायला सांगितले होते. आमच्या सोसायट्या त्याहून लहान आहेत. तरीही विटांचे चार हौद बांधून आम्ही काम सुरू केले होते आणि ते नीट चाललेही होते. अडचण आली ती पैशाची. सहकारी गृहनिर्माण संस्थेला तिच्या निधीतून शेजारच्या सोसायटीच्या हौदासाठी वाळू घेता येत नाही, समोरच्या चाळीला डबे देता येत नाहीत आणि महापालिकेच्या शाळेत रोपवाटिका लावता येत नाही. कोणी तसे केलेच, तर वार्षिक सर्वसाधारण सभेत हिशेब मागणारा सभासद उभा राहतो, आणि त्याचे चुकतही नाही. मग वर्गणी गोळा व्हायची ती आमच्यातल्या एका काकूंच्या बचत खात्यात. एके वर्षी त्यांच्या मुलाने आयकराचे विवरण भरताना ‘हे साठ हजार कुठून आले?’ असे विचारले, आणि तेव्हा काकूंनी शांतपणे सांगितले की यापुढे त्यांचे खाते मिळणार नाही.

एएलएमचा पर्याय होता. घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात ज्या पद्धतीने गल्लीचा कचरा हाती घेतला, त्यातूनच महापालिकेची ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट ही योजना उभी राहिली, आणि वॉर्ड कार्यालयाशी बोलायला ती व्यवस्था आजही उपयोगी आहे. परंतु एएलएम म्हणजे महापालिका आणि रहिवासी यांच्यातला दुवा. त्याला स्वतःचे कायदेशीर अस्तित्व नसते, त्याच्या नावाने देणगीची पावती फाडता येत नाही आणि खत फिरवणाऱ्या कामगाराला पगाराची चिठ्ठी देता येत नाही. आम्हाला नेमक्या याच दोन गोष्टी हव्या होत्या.

पॅकेजची किंमत २४ हजार रुपये होती आणि सरकारी शुल्क वेगळे होते. त्यात संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खालील नोंदणी, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खालील नोंदणी, पॅन, आयकर खात्याची १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) व ८०जी (देणगीदाराला करात वजावट) नोंदणी आणि स्वयंसेवी संस्थांसाठीच्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची नोंद एवढे येत होते. यांपैकी दर्पणची नोंद स्वतः केल्यास फुकट होते हे आम्हाला नंतर कळले, पण पॅकेजमध्ये अशी एखादी जागा भरायची गोष्ट असतेच. ‘सीएसआरची नोंदणी आमच्याकडून भेट’, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामासाठीचा पैसा घेता यावा म्हणून करायची नोंदणी, असेही पत्रकावर ठळक अक्षरांत छापले होते. त्या भेटीकडे पुढे वळावेच लागेल.

पहिल्या बैठकीचे कौतुक मोकळेपणाने करतो. न्यास, संस्था आणि कंपनी कायदा २०१३च्या कलम ८ खालील कंपनी या तीन प्रकारांतला फरक सल्लागार गृहस्थांनी अर्ध्या तासात, एकही इंग्रजी कागद पुढे न करता समजावला. न्यासाला दोन विश्वस्तही पुरतात, पण तिथे सभासद नसतात आणि विश्वस्तांना बदलणे जिकिरीचे असते. कलम ८ची कंपनी बाहेरच्या देणगीदारांना भारदस्त वाटते, पण दरवर्षीच्या अनुपालनाचा खर्च लहान गटाला झेपत नाही. संस्थेला किमान सात माणसे लागतात, पण तिला सर्वसाधारण सभा असते, निवडणूक असते, आणि गल्लीतल्या लोकांना ती ‘आपली’ वाटण्याची शक्यता जास्त असते. शिवाय १८६०च्या कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेला महाराष्ट्रात १९५०च्या कायद्याखालीही नोंद करावी लागते, म्हणजे एकाच संस्थेचे दोन क्रमांक असतात, ही गोष्टही त्यांनी आधीच सांगून ठेवली. पुढे बँकेत ‘दोन प्रमाणपत्रे कशी काय?’ असा प्रश्न आला, तेव्हा ते सांगणे कामी आले.

कागदपत्रांची तपासणी हा या सेवेचा सर्वांत भक्कम भाग आहे, आणि त्याचे श्रेय तिथल्या सहायक बाईंना द्यावे लागेल. खिडकीजवळच्या टेबलावर झेरॉक्सचे यंत्र, त्यावर पावसाचे पाणी पडू नये म्हणून ओढलेला निळा प्लास्टिकचा कागद, आणि त्याशेजारी बसून त्या प्रत्येक आधार कार्ड, पॅन कार्ड आणि वीजबिल एकाखाली एक ठेवून बोटाने अक्षर अन् अक्षर वाचायच्या. आमच्या खजिनदारांच्या वडिलांचे नाव एका कागदावर ऱ्हस्व आणि दुसऱ्यावर दीर्घ होते. एका सभासदाच्या पॅनवर मधले नाव नव्हते. नोंदणीकृत पत्त्यासाठी दिलेल्या ना हरकत पत्रावर सोसायटीचा शिक्का होता, पण सचिवांची तारीख नव्हती. ‘दादा, हे आत्ता परत आणा, नाहीतर वरळीहून परत यायला महिना जाईल,’ असे म्हणून त्यांनी आम्हाला त्याच दिवशी मुलुंडला धाडले. त्या दिवशी राग आला होता. परंतु वरळीला ॲनी बेझंट मार्गावरच्या धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात आमचा अर्ज एकाही त्रुटीशिवाय पुढे सरकला तो त्या बाईंच्या बोटामुळे. संमतीपत्रे, प्रतिज्ञापत्रे, पहिल्या सभेचे इतिवृत्त, सातही सभासदांच्या सह्यांचा ठराव, सारे एका क्रमाने लावून, प्रत्येक पानावर पेन्सिलीने क्रमांक टाकून त्यांनी फाइल दिली होती. ती फाइल आम्ही अजून तशीच जपून ठेवली आहे. सगळे मिळून पाच महिने लागले. या कामात ते फार नाहीत.

आता मसुद्याकडे येतो. संस्थेची ‘घटना व नियमावली’ आणि उद्देश असलेले विधानपत्र ही दोन कागदपत्रे म्हणजे संस्थेची कुंडली. ती या कार्यालयाने आम्हाला दुसऱ्याच आठवड्यात तयार करून दिली, यावरूनच सावध व्हायला हवे होते. उद्देशांच्या यादीत ४३ कलमे होती. त्यांत वृद्धाश्रम होता, गोशाळा होती, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह होते, क्रीडास्पर्धा होत्या, आणि एकविसाव्या क्रमांकावर ‘सदर तालुक्यातील शेतकऱ्यांना ठिबक सिंचनाबाबत मार्गदर्शन करणे’ असे होते. महसुली दफ्तरी मुलुंड कुर्ला तालुक्यात येते हे खरे आहे, पण त्या तालुक्यात ठिबक अंथरायचे झाले तर आधी शेत शोधावे लागेल. ओला कचरा, खत, झाडे, पाणी यांचा उल्लेख सदतिसाव्या कलमात एका ओळीत उरकलेला होता. कुठल्या तरी जिल्ह्यातल्या कुठल्या तरी संस्थेची घटना नाव बदलून आमच्या हाती ठेवलेली होती, आणि नाव बदलतानाही दोन ठिकाणी जुने नाव तसेच राहिले होते.

‘उद्देश जास्त असले की बरे, उद्या काही करायचे झाले तर अडणार नाही,’ असे सल्लागारांचे म्हणणे होते. हे म्हणणे वरवर शहाणपणाचे वाटते, आणि बहुतेक गट त्यावर मान डोलावून सही करतात. आमच्यापैकी एका बाईंचे बंधू सनदी लेखापाल आहेत. त्यांनी मसुदा वाचला आणि नेमके उलटे सांगितले. आयकर कायदा १९६१च्या कलम २(१५)मध्ये धर्मादाय कार्याची जी व्याख्या होती, तिच्यात गरिबांना साहाय्य, शिक्षण, वैद्यकीय मदत यांच्या जोडीने ‘पर्यावरणाचे जतन’ ही स्वतंत्र बाब म्हणून नोंदलेली होती. आणि जे या नाव घेतलेल्या कुठल्याच बाबीत बसत नाही ते ‘सार्वजनिक उपयोगाचे अन्य उद्देश’ या शेवटच्या, ढोबळ बाबीत जाते. त्या शेवटच्या बाबीतल्या संस्थेने काही विकून पैसे मिळवले, तर ती रक्कम वर्षाच्या एकूण जमेच्या २० टक्क्यांपुढे जाता कामा नये, अशी अट आहे. पहिल्या वर्षी आमच्या जमेचा जवळपास तिसरा हिस्सा खताच्या पिशव्यांचा होता. पाच किलोची पिशवी ६० रुपयांना, गच्चीवर आणि खिडकीत कुंड्या लावणारे आसपासचेच लोक ती नेतात. म्हणजे ४३ उद्देशांच्या त्या मोठेपणात आमचा मुख्य उद्देश बुडाला असता, तर खत विकणे हीच आमची अडचण होऊन बसली असती. पर्यावरणाच्या बाबीत बसले म्हणजे विक्री मोकाट करता येते असे मुळीच नाही. ती मुख्य कामाच्या ओघात झाली पाहिजे आणि तिचा हिशेब वेगळा ठेवला पाहिजे. पण पाया तरी बरोबर घातला जातो. अनेक वर्षे संस्था नोंदणीचेच काम करणाऱ्या कार्यालयाने ही गोष्ट आपणहून सांगायला नको होती काय?

शेवटी आम्ही ४३चे सहा उद्देश केले. त्यासाठी सोसायटीच्या कार्यालयात पाच रविवार बसलो, आणि संस्था खऱ्या अर्थाने उभी राहिली असेल तर ती त्या पाच रविवारी, असे माझे मत आहे. कारण उद्देशांवरून वाद झाला आणि वादातून माणसे कळली. दोघांना पार्किंगचा प्रश्न उद्देशांत हवा होता. एकांना सणासुदीचा आवाज हवा होता. एका तरुण सभासदाला सौर ऊर्जा पहिल्या क्रमांकावर हवी होती. पार्किंग गेले, आवाज गेला, सौर ऊर्जा चौथ्या क्रमांकावर राहिली. ज्यांचा मुद्दा गेला त्यांतले एकजण पुन्हा आले नाहीत.

त्याहून जास्त वेळ सभासदत्वाच्या कलमाने घेतला. तयार मसुद्यात सभासद होण्यासाठी ‘परिसरातील सदनिकाधारक’ असणे आवश्यक होते, आजीव वर्गणी ५,००१ रुपये होती आणि संस्थापक अध्यक्ष तहहयात पदावर राहणार होते. तहहयात अध्यक्षाबद्दल सल्लागार म्हणाले, ‘साहेब, हे काढू नका. दहा वर्षांनी कोणी तरी पन्नास सभासद करून आणेल आणि तुमचीच संस्था तुमच्या हातून जाईल.’ ही भीती पोकळ नाही. मुंबईत वाचनालये, व्यायामशाळा, शिक्षणसंस्था अशा रीतीने ताब्यात गेल्याच्या कहाण्या प्रत्येक उपनगरात ऐकायला मिळतात, विशेषतः संस्थेच्या नावे जागा असेल तर. परंतु आमच्या संस्थेच्या नावे चार हौद, एक चाळण आणि दोन फावडी आहेत. ती बळकावायला कोणी पन्नास सभासद आणले, तर त्यांचे स्वागतच होईल. अध्यक्षपद पाच वर्षांचे केले आणि सलग दोनपेक्षा जास्त वेळा नाही असे लिहिले.

सदनिकाधारकांचे कलम मात्र गमतीवर नेण्यासारखे नव्हते. आमच्या गल्लीतल्या घरांपैकी बरीच भाड्याने दिलेली आहेत आणि कचरा वेगळा करण्यात भाडेकरू घरमालकांहून मागे नाहीत. दुसरे म्हणजे, हौदांचे रोजचे काम ज्या ताई करतात, त्या समोरच्या चाळीत राहतात. त्या सकाळी सात वाजता येतात, डब्यांतून आलेल्या ओल्या कचऱ्यातली प्लास्टिकची पिशवी, दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा, कधी चमचा, असे सारे हाताने बाजूला करतात, वर सुकी पाने आणि मूठभर जुने खत टाकतात आणि दर आठवड्याला आख्खा हौद पंजाने वरखाली करतात. पावसाळ्यात हौदाला आंबूस ताकासारखा वास यायला लागला की पाणी जास्त झाले हे त्यांना झाकण उघडण्याआधी कळते. आम्हाला ते शेजाऱ्यांची तक्रार आल्यावर कळते. घटनेतल्या त्या कलमानुसार या कामातले सर्वांत जाणते माणूस संस्थेचे सभासद होऊ शकत नव्हते. कलम बदलून ‘परिसरात राहणारी किंवा काम करणारी कोणीही सज्ञान व्यक्ती’ असे केले आणि वर्गणी वर्षाला ५१ रुपये ठेवली. ताईंना अर्ज दिला तेव्हा त्यांनी तो उलटसुलट पाहून विचारले, ‘सभासद झाले तर पगार बंद नाही ना होणार?’ प्रश्न अगदी रास्त होता. कार्यकारी मंडळावरच्या माणसाने संस्थेकडून वेतन घेणे हा वेगळा आणि नाजूक विषय आहे, म्हणून त्या सर्वसाधारण सभासद आहेत, मंडळावर नाहीत. हे सगळे त्यांना समजावून सांगायला आमचा अर्धा तास गेला आणि मग त्यांनी सही केली.

या दुरुस्त्यांसाठी सल्लागारांनी ‘मसुदा बदल शुल्क’ म्हणून तीन हजार रुपये जास्तीचे घेतले. उसन्या मसुद्यातली गोशाळा काढून टाकायचे पैसे आम्ही का द्यावेत, हे मला अजून उमगलेले नाही, पण पाच महिन्यांच्या कामात मधेच भांडण नको म्हणून दिले. टंकलेखनात शुद्धलेखनाच्या चुका बऱ्याच होत्या. त्या सहायक बाईंनी विनामूल्य दुरुस्त केल्या.

खरी तक्रार नोंदणीनंतरची आहे. आयकराची १२ए आणि ८०जी ही नोंदणी नव्या संस्थेला आधी तात्पुरती मिळते, तीन वर्षांसाठी. ती नियमित करून घेण्यासाठी तेव्हा १०एबी हा अर्ज करावा लागत असे, आणि त्याची मुदत तात्पुरत्या नोंदणीच्या अखेरीआधी किमान सहा महिने किंवा प्रत्यक्ष काम सुरू झाल्यापासून सहा महिने, यांपैकी जी आधी येईल ती असे. आमचे काम नोंदणीच्या आधीपासून चालू होते, म्हणजे आमच्या बाबतीत घड्याळ पहिल्या दिवसापासूनच सुरू झाले होते. सल्लागारांनी प्रमाणपत्र लॅमिनेट करून हातात दिले आणि ‘तीन वर्षे बघायला नको’ असे सांगितले. आम्ही बघितले नाही. २०२४च्या एप्रिलमध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने या अर्जांची मुदत वाढवून ३० जून २०२४ केली म्हणून आम्ही वाचलो. त्या परिपत्रकाची बातमी सनदी लेखापाल बंधूंनी दिली नसती, तर देणगीदारांना दिलेल्या पावत्यांचे काय झाले असते, याचा विचारही नको वाटतो. दादरला फोन केला तेव्हा ‘ते पॅकेजमध्ये येत नाही’ असे उत्तर आले. येत नसेल, मान्य आहे. पण सांगायला तर येत होते!

आणि ती भेट मिळालेली सीएसआर नोंदणी. सीएसआर-१ हा अर्ज त्यांनी भरला, क्रमांकही मिळाला, आणि आता कंपन्या आपल्याकडे येतील अशी आमच्यातल्या काहींची समजूत झाली. कंपनी कायद्याच्या कलम १३५नुसार मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते हे सर्वांना माहीत असते; परंतु कंपनीने स्वतः न काढलेल्या संस्थेला तो पैसा द्यायचा, तर त्या संस्थेला तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव असावा लागतो, हे नियमात स्पष्ट आहे. आमचा अनुभव २०१९पासूनचा होता, पण संस्थेच्या नावाने कागदावर शून्य वर्षांचा. पवईतल्या एका कंपनीच्या प्रतिनिधींनी हौद पाहिले, खत हातात घेऊन हुंगले, फोटो काढले आणि लेखापरीक्षण झालेले तीन वर्षांचे ताळेबंद मागितले. तिथेच तो विषय संपला. पत्रकावरची ठळक अक्षरे खोटी नव्हती, पण खरेही सांगत नव्हती.

८०जीबद्दलही एक वाक्य पॅकेज विकताना सांगायला हवे होते. देणगीदाराला मिळणारी ५० टक्के वजावट नव्या करप्रणालीत मिळत नाही, आणि २०२३-२४पासून आपणहून जुनी प्रणाली न निवडल्यास नवीच धरली जाते. आमच्या गल्लीतल्या पगारदार देणगीदारांपैकी निम्म्याहून अधिक जणांना आमच्या पावतीचा करासाठी काहीही उपयोग झाला नाही. तरीही त्यांनी देणग्या दिल्या हा भाग वेगळा, पण त्या पावतीपायी संस्थेला दरवर्षी ३१ मेच्या आत देणगीदारांची यादी आयकर खात्याकडे भरावी लागते, त्यासाठी प्रत्येकाचा पॅन किंवा आधार क्रमांक मागावा लागतो, आणि दोन हजारांपुढची रोख देणगी वजावटीला चालत नाही म्हणून आजोबांना पुन्हा चेकबुक शोधायला सांगावे लागते. लहान संस्थेने पहिल्याच वर्षी ८०जी घ्यावी की नाही, याचा विचार आपल्या देणगीदारांकडे पाहून करावा. पॅकेजमध्ये आहे म्हणून घेऊ नये.

चालू खर्चाचा अंदाज त्यांनी दिलाच नव्हता. लेखापरीक्षण, धर्मादाय कार्यालयात हिशेब दाखल करणे, आयकर विवरणपत्र, या सगळ्याला आम्हाला वर्षाला साधारण १५ हजार रुपये लागतात. तेवढ्यात एक हौद बांधून होतो.

दुसऱ्यांदा या कार्यालयाकडे गेलो ते २०२४च्या पावसाळ्यात. आमचे सचिव बदलापूरला राहायला गेले आणि त्यांनी राजीनामा दिला. विश्वस्तांमध्ये किंवा पदाधिकाऱ्यांमध्ये बदल झाला की १९५०च्या कायद्याच्या कलम २२नुसार ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, आणि ज्या संस्था तो देत नाहीत त्या पुढे कोर्टकचेरीत अडकतात. या वेळी आम्ही शहाणे होतो. सभेची नोटीस, इतिवृत्त, राजीनामा, नव्या सचिवांचे संमतीपत्र, सारे स्वतः लिहून नेले आणि फक्त कागद लावून दाखल करण्याचे व तारखेला हजर राहण्याचे काम त्यांच्याकडे दिले. साडेचार हजार रुपये घेतले, काम वेळेत झाले. सहायक बाई त्याच टेबलावर होत्या. त्यांनी नोटिशीची तारीख आणि सभेची तारीख यांच्यातले दिवस बोटांवर मोजले, आमच्याच घटनेत चौदा लिहिले आहेत आणि इथे तेरा भरतात हे दाखवले, आणि आम्हाला सभा पुन्हा घ्यायला लावली. चूक आमची होती.

ही सेवा घ्यावी की नाही, असे मला अलीकडे दोन-तीन गटांनी विचारले. ज्यांचे काम एकाच सोसायटीच्या कुंपणाआड आहे, त्यांनी संस्था काढूच नये, सोसायटीच्या सभेत ठराव करावा. ज्यांना फक्त महापालिकेशी बोलायचे आहे, त्यांना एएलएम पुरेसे आहे. कचरावेचक महिलांना सोबत घेऊन मोठ्या संकुलांत काम करायचे असेल, तर स्त्रीमुक्ती संघटनेसारख्या संस्थांनी या शहरात वर्षानुवर्षे घट्ट केलेली वाट आहे; तिच्याशी जोडून घेणे नवी पाटी लावण्यापेक्षा बरे. आणि ज्यांना आमच्यासारखे सहा सोसायट्या, एक चाळ आणि एक शाळा यांना एका हिशेबात बांधायचे आहे, त्यांनी घटना आधी स्वतः लिहावी, ती एखाद्या सनदी लेखापालाला दाखवावी, आणि मगच सल्लागाराकडे जावे. त्याच्याकडून मसुदा घेऊ नये, फाइल लावून घ्यावी. आयकराच्या तारखांसाठी तर त्याच्यावर मुळीच विसंबू नये, विशेषतः १ एप्रिल २०२६पासून आयकराचा नवा कायदा लागू असल्याने जुनी कलमे आणि जुने अर्ज तोंडपाठ असणाऱ्यांनाही नव्याने वाचावे लागते.

पाचपैकी गुण द्यायचे तर कागदपत्रांना साडेचार, मसुद्याला एक आणि नोंदणीनंतरच्या मार्गदर्शनाला शून्य देईन. आमची पुढची निवडणूक २०२७मध्ये आहे. तेव्हाचा बदल अर्ज मी त्याच कार्यालयात देणार आहे, मात्र आधी फोन करून त्या बाई अजून तिथे आहेत का हे विचारून घेईन.